सोळापैकी दोन

बटणाचा दिवा लागलेलाच नव्हता. ओरेस्त हालचुकच्या हे लक्षात आलं तेव्हा अकराला दहा मिनिटं कमी होती, आणि गेली चाळीस मिनिटं तो इक्वलायझरचा, म्हणजे गाण्यातले सूर पट्टीपट्टीने कमीजास्त करणाऱ्या यंत्राचा, एकच नॉब केसाकेसाने फिरवत बसला होता. दर केसागणिक त्याला गाण्यातला तो नको असलेला आवाज बोथट होताना ऐकू आला होता. आधी टोचणारा, मग नुसता खुपणारा, मग असून नसल्यासारखा. एका जागी त्याने हात थांबवला होता, पाठ टेकली होती आणि बऱ्याच दिवसांनी त्याला स्वतःबद्दल बरं वाटलं होतं. मग कॉफीचा पेला उचलायला तो वाकला आणि त्याला दिसलं की इक्वलायझर जोडलेलाच नाही. गाणं त्याला वळसा घालून सरळ स्पीकरकडे जात होतं. चाळीस मिनिटं त्याने ज्यात फरक केला होता, त्यात कणाचाही फरक झालेला नव्हता.

ध्वनिमुद्रणाच्या या धंद्यातल्या प्रत्येकाच्या हातून हे कधी ना कधी होतं. त्याचा भागीदार मार्सेल गोतिए तर स्वतःची अशी फजिती दर ख्रिसमसच्या जेवणात नव्याने तिखटमीठ लावून सांगायचा. एका गायिकेच्या आवाजातला नाकातला सूर त्याने दोन तास खपून काढला, ती भारावून रडली, आणि मग बघतात तो बटण बंद. यावर सगळे हसायचे, ओरेस्तही हसायचा. आज त्याला हसू आलं नाही. त्याने बटण दाबलं नाही, नॉबही मागे फिरवला नाही. तो दिव्याच्या जागेकडे, हरभऱ्याएवढ्या त्या विझलेल्या हिरव्या काचेकडे बघत राहिला. खिडकीबाहेर मार्चअखेरचं विनिपेग शहर वितळत होतं, गटाराकाठचा काळा बर्फ ठिबकत होता, आणि तो ठिबकण्याचा आवाज आपल्याला खरंच येतोय की खिडकीच्या तीन काचांमधून तो येणं शक्यच नाही, हे त्याला ठरवता येईना.

सकाळी नऊ वाजता त्याने तो आवाज पहिल्यांदा ऐकला होता. लिओना देजार्ले नावाच्या बाईने तिच्या वडिलांच्या व्हायोलिनची ध्वनिमुद्रणं आणली होती. म्हातारा आल्सीद आठ वर्षांपूर्वी स्वतःच्या स्वयंपाकघरात लाकडी खुर्चीवर बसून, दोन्ही टाचांनी जमिनीवर ताल धरत वाजवायचा, आणि ती समोर यंत्र ठेवून गुपचूप टिपून घ्यायची. आता तो नव्हता. बारा चाली होत्या, त्यांवर ओरेस्तने शेवटचा हात फिरवायचा होता. आज दुपारी चार वाजता फाइली पाठवायच्या, शुक्रवारी त्या सगळीकडे ऐकायला मिळणार. फाइली दोन प्रकारच्या. एक मूळ, जशीच्या तशी, मोठी. दुसरी त्यातूनच पिळून लहान केलेली, कारण लोक फोनवर ऐकतात आणि फोनला लहान लागते. लहान करताना यंत्र हिशेब करून काही आवाज टाकून देतं, माणसाला ते ऐकू येणारच नाहीत अशा खात्रीने. कधी ती खात्री चुकते, आणि मग जे मुळात नव्हतंच असं काहीतरी ऐकू येतं, टाळीला फुटलेली शेपटी किंवा झांजेतलं पाणी. ओरेस्तला ते ऐकू यायचं. तीस वर्षं त्याचं घर त्यावर चाललं होतं. आज सकाळी लहान फाइल लावून तो ऐकत होता. चौथी चाल, पहिला भाग संपून सूर दुसऱ्या भागाकडे वळतो त्याच्या नेमकं आधी, टिक्. वाळकी शेंग नखाने फोडावी तसा. पुन्हा वळण आलं, पुन्हा टिक्. एकदा ऐकल्यावर मग दुसरं काही ऐकूच येईना. मूळ फाइल लावली. काही नाही. लहान लावली. टिक्. तेव्हाच तो इक्वलायझरकडे वळला होता.

पण आता नॉबने आवाज बोथट झाला होता, आणि नॉब तर जोडलेला नव्हता. बोथट होणं जर त्याच्या डोक्यात घडलं असेल, तर टिक् कुठे घडत होतं? तो छप्पन्न वर्षांचा होता. गेल्या वर्षी कानाच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला एक आलेख दाखवला होता, उजव्या टोकाला डोंगर उतरावा तसा उतरणारा. "वयाच्या मानाने छान आहे," त्या म्हणाल्या होत्या. वयाच्या मानाने! तो आलेख त्याने घडी घालून खिशात ठेवला आणि मार्सेलला सांगितलाच नाही. लिओना पहिल्या दिवशी म्हणाली होती, "यंत्राने काय ते सगळेच करतात हो. मला तुमचे कान हवेत." ते वाक्य त्याने अंगावर गरम कोट चढवावा तसं चढवलं होतं, आणि आता त्या कोटाच्या आत कुणी नव्हतं.

मार्सेल दोन पेले घेऊन आत आला. तो उंच, ढगळ, नदीपलीकडच्या फ्रेंच वस्तीतला, आणि हसताना खांदे उडवणारा.

"काय रे, चेहरा का असा? कुणी गेलं का?"

"हे ऐक." ओरेस्तने चौथी चाल लावली. मार्सेल डोळे मिटून, मान तिरकी करून ऐकू लागला. वळण आलं आणि गेलं.

"छान वाजवतो म्हातारा."

"टिक् ऐकलंस?"

"कसलं टिक्?"

"वळणाच्या आधी. पिळताना आलंय ते. परत ऐक."

मार्सेलने परत ऐकलं, मग हेडफोन लावून ऐकलं, मग ओरेस्तच्या तोंडाकडे बघत ऐकलं. "त्याच्या टाचा ऐकू येताहेत, खुर्ची करकरतेय, शेजारच्याचं कुत्रंसुद्धा ऐकू येतंय. टिक् नाही बाबा. एवढ्या पिळण्याने काही होत नाही, हे तूच मला शिकवलंस." मग त्याची नजर विझलेल्या दिव्यावर गेली, तिथून नॉबवर, तिथून ओरेस्तवर. त्याचे खांदे उडायला लागले. "अरे देवा! किती वेळ?"

"चाळीस मिनिटं."

"माझा दोन तासांचा विक्रम शाबूत आहे म्हणायचा." पण ओरेस्त हसत नाही हे बघून तो थांबला. "मग बस की. कायदा तुझाच आहे."

कायदा त्याचाच होता. कोपऱ्यात एक जुनी न्हाव्याची खुर्ची होती, बंद पडलेल्या सलूनमधून उचलून आणलेली. मार्सेल तिला कबुलीची खुर्ची म्हणायचा. मला अमुक ऐकू येतं असं जो म्हणेल त्याने तिच्यावर बसायचं, पडद्याकडे पाठ करायची. कॉम्प्युटर दोन्ही फाइली मागेपुढे करून, कुठली कुठली ते न सांगता, सोळा वेळा ऐकवणार. दर वेळी सांगायचं, पहिलीत की दुसरीत. सोळात बारा आले तर ऐकू येतं. कमी आले तर सगळ्यांसाठी डोनट आणायचे आणि आपल्या नावाचा कागद भिंतीवर लावायचा. भिंतीवर असे तीसेक कागद होते. त्यांत एक निवृत्त वैमानिक होता. स्पीकरच्या नव्या, महागड्या तारांमुळे आपल्याला व्हायोलिनचं लाकूड ऐकू येतं असं तो सांगायचा. त्याचे सात आले. तो उठला, टोपी घातली, कागदावर स्वतःच्या हाताने सात लिहिलं, आणि पुन्हा कधी आला नाही. ओरेस्तला त्या दिवशी फार स्वच्छ वाटलं होतं, धुतलेल्या काचेसारखं. लोक जे ऐकू येतं म्हणतात त्यातलं निम्मं तिथे नसतं, आणि ते नाही हे दाखवता येतं, यात त्याला एक प्रकारचा न्याय वाटायचा.

आणि या खुर्चीचा मूळ किस्सा तर त्याच्या आईचा होता. नवीन कुणी आलं की मार्सेल म्हणायचा, "फ्रिजमधल्या माणसाचं सांग रे." मग ओरेस्त सांगायचा. सात वर्षांपूर्वी आई एक्क्याऐंशीची होती आणि उत्तर भागातल्या त्यांच्या जुन्या घरात एकटी राहायची. एका रविवारी तो जेवायला गेला तेव्हा बटाट्याच्या करंज्या ताटात वाढता वाढता ती म्हणाली, "ओरेस्तिक, फ्रिजमध्ये कुणीतरी चालतंय." तो घास घेता घेता थांबला. "म्हणजे बर्फावरून चालावं तसं. चर्र, चर्र. थांबतच नाही." त्याने फ्रिजला कान लावला. नेहमीची घरघर, बाकी काही नाही. दुसऱ्या रविवारी पुन्हा तेच, तिसऱ्या रविवारी पुन्हा. तेव्हा त्याने तिला फ्रिजकडे पाठ करून खुर्चीवर बसवलं, डोळे मिटायला सांगितले, आणि प्लग कधी काढून, कधी घालून दहा वेळा विचारलं, "आत्ता येतोय?" ती शाळेतल्या मुलीसारखी मांडीवर हात ठेवून बसली होती. फ्रिज चालू असताना ती नाही म्हणाली. बंद असताना म्हणाली, येतोय. दहातला एक बरोबर! "दहातला एक," ओरेस्त सांगायचा, "आणि तोसुद्धा चुकून!" ऐकणारे हसायचे. प्लग हातात धरून त्याने तिला दाखवला होता हे तो सांगायचा. त्यानंतर ती काय म्हणाली ते मात्र सांगायचा नाही. तिने एप्रनच्या टोकाने टेबल पुसलं, जिथे काहीच सांडलेलं नव्हतं, आणि म्हणाली, "तू शिकलेला. तुला कळतं."

तो खुर्चीवर बसला. जुनं कातडं थंडगार होतं. मार्सेलने मागे बटणं दाबली. "पहिली फेरी. हाताला घाम आलाय का?"

"लाव मुकाट्याने."

ऐकणं ही काय गोष्ट आहे हे तीस वर्षांत त्याने कधी पाहिलं नव्हतं, जसं आपण डोळ्याने डोळा पाहत नाही. आता पाहिलं. टाचांची लाट येत होती, तिच्यावर सूर तरंगत होता, आणि वळण जवळ आलं की त्याच्या आतलं काहीतरी पुढे सरकून, दारात उभं राहून, पाहुण्याची वाट बघावी तसं टिक्ची वाट बघत होतं. ते आलं की आत आनंद व्हायचा. आनंदामुळे ते यायचं की आल्यामुळे आनंद? "पहिलीत," तो म्हणाला. "दुसरीत. दुसरीत. पहिलीत." सहाव्या फेरीनंतर त्याने वाट बघणं सोडून दिलं. तो म्हाताऱ्याच्या स्वयंपाकघरात जाऊन बसला. तिथे चूल असेल, खिडकीत टोमॅटोची रोपं असतील, लिओना टेबलापाशी श्वास धरून बसली असेल. तिथून टिक् अगदी साधं ऐकू येत होतं. ते खोलीतलंच होतं, इतर आवाजांच्या रांगेत निमूट उभं राहिल्यासारखं. त्याला वाटलं, आता बरोबर येताहेत. बाराच्या वर जातील. सोळावी फेरी संपली तेव्हा त्याची पाठ भिजली होती, पण मन शांत होतं.

 मार्सेलच्या घशातून एक आवाज आला. दाबलेलं हसू होतं ते. "दोन."

"काय दोन?"

"सोळापैकी दोन. अरे, माझी मांजर कीबोर्डवर झोपली तरी आठ येतील. नुसतं नाणं उडवत बसलास तरी आठ! दोन कसे काय आणलेस? मेहनत घ्यावी लागते त्याला. भिंतीवर सोनेरी चौकटीत लावू."

ओरेस्त खुर्चीतून उठला नाही. मार्सेलचं वाक्य त्याच्या डोक्यात एका जागी अडकलं होतं. नाणं उडवलं तरी आठ. ऐकू न येणाऱ्याचे आठ येतात, सात येतात, त्या वैमानिकाचे सातच आले होते. दोन येत नाहीत. हजार माणसांनी नाणं उडवून उत्तरं दिली, तर त्यांतल्या दोघांचे कसेबसे इतके वाईट येतील. दोन येण्यासाठी ऐकू यावं लागतं, जवळजवळ दर वेळी, स्वच्छ ऐकू यावं लागतं. फक्त ज्यात ते आहे असं आपण धरून चाललो, त्यात ते नसावं लागतं.

"मार्सेल," तो म्हणाला, "पडद्यावर वरच्या ओळीत कुठली फाइल आहे बघ."

"मूळ. नेहमी मूळच वर असते. तुझाच नियम..." मार्सेल थांबला. माउस दोनदा वाजला. "लहान आहे. तू उलट्या लावल्यास."

म्हणजे सकाळपासून तो मूळ फाइल ऐकत होता आणि तिला लहान समजत होता. टिक् यंत्राने घातलेलं नव्हतं. ते म्हाताऱ्याच्या स्वयंपाकघरातलं होतं, आणि यंत्राने उलट ते टाकून दिलं होतं, माणसाला ते ऐकू येणारच नाही अशा खात्रीने. मार्सेलने मूळ फाइल लावून आवाज वाढवला, वळणाशी जागा पकडली, पुन्हा पुन्हा ऐकली. पाचव्या वेळी त्याचा हात हवेतच राहिला. "आहे," तो हळू म्हणाला. "आयला, आहे! तुझे कान, ओरेस्त... सोळात चौदा झाले की हे. डोनट मी आणतो."

पण ओरेस्त सोळाच्या पुढे निघून गेला होता. त्याला दहातला एक दिसत होता. दहातला एक चुकूनही येत नाही. नाणं उडवलं तर पाच येतात. त्याने एकच प्रश्न विचारला होता, फ्रिज की नाही, आणि आईने दुसऱ्याच कुठल्यातरी प्रश्नाचं उत्तर नऊ वेळा बरोबर दिलं होतं. फ्रिज घरघरत असताना तो आवाज झाकला जायचा, फ्रिज बंद झाला की उघडा पडायचा. इतकं सरळ होतं ते. नाण्याच्या याच गणिताने, करंजी थंड व्हायच्या आत, तो ते ओळखू शकला असता. त्यानंतर आईने फ्रिजचं नाव काढलं नाही. तो विचारायचा, "काय, माणूस चालतोय का?" ती म्हणायची, "कसला माणूस," आणि लसूण सोलत राहायची. तेव्हापासून तिच्या स्वयंपाकघरात दिवसभर रेडिओ चालू असायचा. तोही धड एका स्टेशनवर नाही, दोन स्टेशनांच्या मध्ये, नुसती खरखर. ओरेस्तला ते सहन व्हायचं नाही. येता-जाता तो काटा नेमक्या जागी आणून ठेवायचा, युक्रेनियन गाण्यांवर. पुढच्या रविवारी पुन्हा खरखर. "आई, अगं निदान नीट तरी लाव!" "हेच बरं आहे," ती म्हणायची. तिला कळत नाही असं त्याला वाटायचं. ती त्याचंच काम करत होती, एका आवाजाने दुसरा झाकण्याचं, आणि सुबक करत होती.

आणि मग आठवणीत ती खोली आली, जिच्यापाशी तो सहा वर्षं थांबला नव्हता. अर्धांगाचा झटका येऊन आईची उजवी बाजू गेली होती, डोळे उघडे होते पण बोलणं नव्हतं. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरने स्टेथोस्कोप तिच्या छातीवर ठेवण्याऐवजी मानेच्या बाजूला ठेवला होता आणि बराच वेळ ऐकलं होतं. त्या ऐकण्याकडे ओरेस्तने धंद्यातल्या माणसाच्या कुतूहलाने पाहिलं होतं. मग डॉक्टरने वर बघून विचारलं होतं, "यांना कधी कानात आवाज यायचा का? मानेतली रक्तवाहिनी चोंदत आली की येतो तसा, नाडीच्या लयीत? हे असं, सूं सूं, किंवा कुणी चालल्यासारखं?" आणि ओरेस्त म्हणाला होता, "नाही. आम्ही तपासून पाहिलं होतं." त्या वेळी आईचे डोळे त्याच्याकडे होते का? ते त्याला आठवत नव्हतं. तो पुन्हा पुन्हा तिथे वाट बघत उभा राहिला, आणि दर वेळी ते डोळे त्याला वेगळे दिसले. आता जे दिसेल ते आपणच घातलेलं असेल, हे त्याला कळत होतं.

दुपारी त्याने लिओनाला फोन केला. टिक् आहे का, असं विचारायचं त्याच्या ओठांवर आलं होतं. ते त्याने मागे घेतलं. म्हणाला, "चौथी चाल. वळणाच्या आधी तुम्हाला काय ऐकू येतं?"

 तिकडे ती खुदकन हसली. "बाबांची कवळी! कठीण जागा आली की दात आवळायचे ते. आई ओरडायची, आल्सीद, दात पडतील वाडग्यात! तुम्हाला ऐकू आली? मी कुणाला सांगितलं नव्हतं. म्हटलं, मलाच येत असेल." मग एकदम आवाज बदलून, "काढलीत का तुम्ही ती?"

"नाही," ओरेस्त म्हणाला. त्याला विझलेला हिरवा दिवा आठवला. तो लागलेला असता, तर काढली असती. "लहान फाइलीत ती गेली होती. आता थोडी कमी पिळतो. राहील."

"राहू द्या हो," ती म्हणाली. "तेवढंच तर आहे त्यात त्यांचं. बाकी व्हायोलिन तर कुणीही वाजवतं."

चारला दहा मिनिटं असताना फाइली गेल्या. मार्सेलने डोनट आणले होते. भिंतीवर नवा कागद लावायला घेतला तेव्हा त्यावर काय लिहायचं यावरून तो स्वतःशीच वाद घालत होता, दोन की चौदा. "नवीन लोकांना सांगायला झकास आहे हे," तो म्हणाला. "आधी फ्रिजमधला माणूस, मग ही कवळी."

"फ्रिजचं नको सांगू," ओरेस्त म्हणाला.

"का रे? तेच तर..."

"नको."

मार्सेलने त्याच्याकडे पाहिलं, हातातली टाचणी तशीच धरून, आणि मान हलवली.

आई गेल्यापासून तो तिच्याच घरात राहत होता. दाराशी बूट काढले, कोट तसाच ठेवला. स्वयंपाकघरात उजेड होता, पश्चिमेचं ऊन टेबलावर, ओट्यावर, फ्रिजच्या पांढऱ्या दारावर पडलं होतं. फ्रिज तोच होता. घरघरत होता. ओरेस्तने खुर्ची ओढली, जिच्यावर ती बसली होती ती, आणि तिच्यावर न बसता गुडघे टेकून फ्रिजमागे हात घातला. प्लग काढला. घरघर एक आचका देऊन थांबली. तो ऐकू लागला. त्याला कुठेतरी आशा होती, हे त्याला आताच कळलं. भिंतीतला पाण्याचा नळ असेल, तळघरातली भट्टी असेल, छपराचं लाकूड असेल, बाहेरच्या खांबावरचं काही असेल, बर्फावरून चालल्यासारखं काहीही, जे यंत्रावर टिपता येईल, कुणालाही ऐकवता येईल, आणि म्हणता येईल, हे बघा, हेच होतं. तीस वर्षं तो आवाज नाहीत हे दाखवत आला होता. आज पहिल्यांदाच एखादा आवाज असावा म्हणून त्याने श्वास रोखला. काही नव्हतं. त्याने प्लग घातला, काढला, थांबला. मोजून दहा वेळा. दहाही वेळा घर शांत होतं, नितळ, एखाद्या उत्तम स्टुडिओसारखं. ऊन टेबलावरून खाली उतरलं. ओरेस्त प्लग हातात धरून, पूर्वी त्याने धरून दाखवला होता तसाच, रिकाम्या खुर्चीसमोर गुडघ्यांवर बसून राहिला. म्हणाला, "आत्ता येतोय?" मग थोड्या वेळाने, आवाज अगदी खाली आणून, त्याने तो प्रश्न बदलला. "कसला येतोय, आई?"